एका पानाची परवानगी

आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी फुलं येतात. गुलाब, कमळ, मधेच एखादा उगवता सूर्य, आणि खाली कुणीतरी कुठूनतरी उचललेला उपदेश. मी ते सगळं न वाचता पुसतो. कुणी गेल्याची बातमी आली की फुलं दोन तास थांबतात, जोडलेले हात येतात आणि मग पुन्हा फुलं सुरू होतात. गेल्या मे महिन्यात असंच पुसत असताना एक लांबलचक इंग्रजी मजकूर बोटाखालून जाता जाता राहिला. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशातून एका बाईंनी तो पाठवला होता आणि तीन-चार कचेऱ्या फिरून तो आमच्या ग्रुपवर येऊन पडला होता. ‘आमच्या गावच्या सबस्टेशनवर तीस वर्षांपूर्वी काम केलेले भारतीय इंजिनिअर कुणाच्या ओळखीचे आहेत का,’ असं त्यांनी विचारलं होतं. ‘ते हयात आहेत का? माझे वडील स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात होते. त्यांच्याविषयीचा एक कागद त्या इंजिनिअरांकडून यायचा राहिला आहे.’

तो इंजिनिअर मी. हयात आहे, असं म्हणायला हरकत नाही.

चार दिवस मी उत्तर दिलं नाही. खोटं कशाला बोलू, पाचव्या दिवशीही दिलं नसतं. पण त्या दिवशी ग्रुपवरच्या एका गृहस्थांनी परस्पर कळवून टाकलं, ‘मॅडम, ते बहुधा वारले.’ खाली जोडलेले हात. त्यावर आणखी चौघांचे जोडलेले हात. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं आणि त्या रागाच्या भरात मी बाईंना लिहिलं की मी आहे, झाशीला आहे, आणि मला सगळं आठवतं.

झाशीला मी एकटा राहतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा हैदराबादला असतो. नातीला माझं मराठी समजतं, पण उत्तर येतं ते ‘हाँ आजोबा, समझ गई’ असं. दिवसभरात माझं बोलणं होतं ते दूधवाल्या भैयाशी आणि समोरच्या भाभीजींशी. ‘भाईसाहब, खाना हो गया?’ असं त्या गच्चीवरून विचारतात, मी ‘जी, हो गया’ म्हणतो, की त्या दिवसाचा कोटा संपला. मराठीत बोलायला घरात आता फक्त देव उरलेत, आणि ते नुसते ऐकून घेतात. बबीन्याच्या लष्करी छावणीकडे तोफांचा सराव चालू असला की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि आतल्या खोलीत कुणीतरी आहे असं क्षणभर वाटतं. मी उठून बघूनही आलो आहे, एकदा नव्हे.

आमचं घराणं मूळचं कोकणातलं, पण कोकण आमच्यात कुणी पाहिलेलं नाही. पूर्वज पेशवाईत इथल्या जवळच्या गुरसरायच्या जहागिरीत कारकुनी करायला आले आणि राहिले. कारकुनी म्हणजे काय, तर पुण्याहून हुकूम येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही आणि हुकूम आला की त्याची नक्कल करून ठेवायची. मग इंग्रज आले, तेव्हा त्यांच्या हुकमाची वाट पाहिली. वडील इथल्या कचेरीत हेडक्लार्क होते. ‘वरून आल्याशिवाय आपण करायचं नाही’ हे वाक्य आमच्या घरात पाटावर बसताना म्हणायच्या श्लोकासारखं होतं. मी इंजिनिअर झालो म्हणून रक्त थोडंच बदलतं? दिल्लीतल्या एका लहानशा सरकारी कंपनीत लागलो. परदेशातली विजेची कामं करून देणारी ती कंपनी पुढे बंदही झाली. तिनं मला दोन वर्षांसाठी त्या देशात पाठवलं. जुन्या सबस्टेशनमधली यंत्रं काढून नवी बसवायची, एवढं काम होतं.

सबस्टेशन तालुक्याच्या ठिकाणाएवढ्या एका गावाच्या बाहेर होतं. आमच्या झाशीजवळच्या मोठ गावासारखं, बाजाराच्या दिवशी गजबजणारं आणि इतर दिवशी पेंगणारं गाव. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला एक उंच म्हातारा कुंपणाच्या बाजूनं चालत यायचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री, पाऊस असो नसो. बाजारातून येताना त्याला कुणी नमस्कार करत नसे. तिथे ही गोष्ट सोपी नाही. त्या मुलखात माणसं एकमेकांची गुरंढोरं, पोरंबाळं, सासू-सासरे सगळ्यांची खुशाली विचारल्याशिवाय रस्ता ओलांडत नाहीत. या माणसाच्या वेळी मात्र सगळ्यांना अचानक दुसरीकडे काही तरी दिसायचं. माझ्या फोरमननं दबक्या आवाजात सांगितलं, ‘एक्स-मिनिस्टर.’ मी त्यांना चहाला आत बोलावलं. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. मलाही त्या गावात बोलायला कुणी नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी आधी पाणी मागितलं, सावकाश प्यायले, आणि मग बोलायला सुरुवात केली. त्यांच्याकडे पाण्याआधी कामाचं बोलत नाहीत. आमच्याकडे गूळ-पाण्याआधी बोलत नाहीत. आमचं जमलं.

त्यांची सगळी कहाणी मी संध्याकाळी अर्धा-अर्धा तास अशी ऐकली. वडील रेल्वेच्या फाटकावर. मिशनच्या शाळेत शिकले, तिथेच गणिताचे मास्तर झाले. टपाल कामगारांची संघटना बांधली, गोऱ्या सरकारनं चार महिने आत टाकलं, आणि त्या चार महिन्यांच्या जोरावर ते निवडून आले. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तिशी नुकतीच उलटली होती. बांधकाम आणि वीज, दोन्ही खाती त्यांना मिळाली. पहिल्या दिवशी कचेरीत गेले तर खोलीत खुर्चीच नव्हती. आधीच्या साहेबानं सामान बांधताना खुर्च्याही बांधल्या होत्या. ‘इंजिनिअर, माझ्या स्वतंत्र देशातला माझा पहिला हुकूम खुर्चीचा होता,’ ते सांगायचे आणि गुडघ्यावर थाप मारून हसायचे. खोकल्याच्या खोक्यावर बसून त्यांनी त्यावर सही केली होती. औषधाच्या बाटल्यांचं खोकं, त्यावर ‘खोकला’ असंच लिहिलेलं होतं म्हणे.

सहा वर्षं मंत्री राहिले. धरणासाठी भांडले, रस्ते केले, दिल्लीलाही एकदा येऊन गेले. मग एका सकाळी न्हाव्याकडे दाढी करत असताना रेडिओवर बँडचं संगीत लागलं आणि एका कर्नलनं सांगितलं की मंत्रिमंडळ बरखास्त झालं आहे. न्हाव्याचा वस्तरा थांबला. ‘त्यानं दुसरा गाल केलाच नाही,’ ते म्हणाले. ‘त्याचीही चूक नाही. त्याला पोरं होती.’ घरी जाऊन उरलेली दाढी त्यांनी स्वतः केली, टाय बांधला आणि शिपाई येईपर्यंत व्हरांड्यात बसून राहिले.

लष्करी न्यायालयापुढे त्यांच्यावर एकच आरोप टिकला. राजधानीतून येणारी अति उच्च दाबाची लाइन बाजाराच्या गावाला, म्हणजे आमच्या सबस्टेशनला, सरळ न जाता मधेच वाकते आणि त्यांच्या आईच्या गावावरून जाते. मंत्र्यानं आपल्या गावासाठी लाइन वाकवली. नकाशात वाकलेली रेघ दिसतच होती, पुरावा आणखी काय लागतो? सात वर्षं तुरुंगात गेली. निवडणूक लढवायला कायमची बंदी आली.

यातली खरी गंमत वेगळीच होती. त्या गावाला वीज कधी मिळालीच नाही. एवढ्या दाबाची लाइन डोक्यावरून गेली म्हणून दिवा लागत नाही, त्यासाठी खाली वेगळं सबस्टेशन लागतं. ते मंजूर करायचा कागद यांच्या टेबलावर आला होता. आपल्याच आईच्या गावाला आधी वीज दिली असं लोक म्हणतील, या धास्तीनं यांनी तो सगळ्यांत शेवटी ठेवला आणि तो शेवट आला नाही. देश म्हणाला, यानं गावासाठी चोरी केली. गाव म्हणालं, यानं आम्हाला अंधारात ठेवलं. तेलही गेलं, तूपही गेलं. राजधानीत जागा नव्हती आणि गावात तोंड नव्हतं, म्हणून ते बायकोला घेऊन या तिसऱ्याच गावात राहत होते, जिथून त्यांची ती लाइन निदान दिसायची.

दुसऱ्या वर्षी आम्ही जुनं पॅनेल हलवलं तेव्हा मागे एक लोखंडी कपाट निघालं. त्यात कापडावर काढलेला एक सर्व्हे नकाशा गुंडाळून ठेवला होता. मी तो टेबलावर उलगडला. लाइन तिथेच वाकलेली होती जिथे ती आज वाकते, आणि बाजूला नेटक्या इंग्रजीत कारण लिहिलेलं होतं: सरळ मार्गावर दलदल, पावसाळ्यात पाणी, टॉवरचा पाया घेता येणार नाही. खाली गोऱ्या सर्व्हेयरची सही होती. तारीख स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधीची. तेव्हा आमचे मंत्रीमहाशय शाळेत पोरांना भागाकार शिकवत होते.

संध्याकाळी ते आल्यावर मी नकाशा त्यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं, उडी मारतील. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बराच वेळ वाचलं आणि खुर्चीत मागे टेकले.

“म्हणजे मी खरंच बोलत होतो,” ते म्हणाले.

इतकी वर्षं सगळ्यांनी खोटारडा म्हटल्यावर त्यांचा स्वतःवरचाच विश्वास डळमळला होता. आपणच कुठे तरी बोट फिरवलं असेल आणि विसरलो असू, असं त्यांना तुरुंगात वाटू लागलं होतं. हे मला त्या दिवशी कळलं.

थोड्या वेळानं त्यांनी मला ते विचारलं. लोकांनी निवडलेलं सरकार नुकतंच परत आलं होतं आणि लष्कराच्या काळातल्या शिक्षा पुन्हा तपासायला राजधानीत एक आयोग बसला होता. पावसाळा संपेपर्यंत लेखी निवेदनं घेणार होते. नकाशा सरकारी मालमत्ता होती, तो मी कुठे देऊ शकत नव्हतो, त्यांनी मागितलाही नाही. “एक पान लिहाल? मी चांगला माणूस आहे असं लिहू नका. लाइन दलदलीमुळे वाकली आहे, एवढंच लिहा. तुम्ही बाहेरचे आहात, इंजिनिअर आहात. तुमचं ते मानतील.”

“नक्की,” मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो.

त्याच रात्री लिहिलं असतं तर वीस मिनिटांचं काम होतं. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी नकाशावरची सगळी माहिती, अंश आणि मोजमापांसकट, माझ्या डायरीत उतरवून घेतली. आणि मग दिल्लीच्या मुख्य कचेरीला अर्ज केला. परदेशी नेमणुकीवरील कर्मचाऱ्याने स्थानिक बाबीसंबंधी तांत्रिक निवेदन द्यावे किंवा कसे, याविषयी परवानगी मिळावी. तीन प्रती. कुणी मला अर्ज करायला सांगितलं नव्हतं. असा काही नियम होता की नाही, तेही मी पाहिलं नाही. वरून आल्याशिवाय आपण करायचं नाही, एवढं मला पुरेसं होतं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब. पाच आठवड्यांनी उत्तर आलं की अर्जासोबत सहपत्र जोडलेलं नाही. मी सहपत्र जोडलं. मग काहीच आलं नाही.

ते रोज यायचे. पाणी प्यायचे, चहा घ्यायचे, झाशीला पाऊस पडला का, तुमच्या मुलाची परीक्षा कशी झाली, हे सगळं विचारायचे. पानाबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यांच्यात वडीलधारा माणूस एक गोष्ट दुसऱ्यांदा मागत नाही. मागितली तर समोरच्याच्या शब्दावर शंका घेतल्यासारखं होतं. आणि आमच्यात वडीलधाऱ्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. ‘बघतो’ म्हणतो, ‘होऊन जाईल’ म्हणतो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही आणि मी नाही म्हणालो नाही. एक अख्खा पावसाळा आम्ही दोघं सभ्यपणे चहा पीत बसलो, आणि घोंगडं भिजत पडलं.

आयोगाची मुदत संपायच्या आठवड्यात त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. दोन खोल्या, भिंतीवर काही नाही. त्यांच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं. माझ्या हातात काही कागद आहे का, हे ती बघत होती हे मला समजलं, आणि मी भाताचं कौतुक करत राहिलो. आजही तो घास आठवला की मला लाज वाटते.

आयोगानं शिक्षा कायम ठेवली. पुढच्या महिन्यात माझी मुदत संपली. निरोप घ्यायला ते बस थांब्यावर आले होते, छत्री घेऊन. “दिल्लीहून पाठवतो,” मी म्हणालो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मान हलवली. दिल्लीत फाइल कुठल्या टेबलावर होती ते मला माहीत होतं. पण त्या वर्षी माझी बढती ठरायची होती, आणि परक्या देशाच्या राजकारणात नाक खुपसणारा माणूस म्हणून आपलं नाव त्या टेबलावर जावं असं मला वाटलं नाही. मी गेलो नाही. नंतर आठवणही हळूहळू कमी आली, म्हणजे मीच ती कमी येऊ दिली.

हे सगळं मनात असताना मी त्यांच्या मुलीशी लिहून बोलू लागलो. वडील जाऊन वीस वर्षं झाली, तिनं कळवलं. ते जुनं सबस्टेशन पाडलं, कपाट कुठे गेलं कुणालाच माहीत नाही. त्यांच्या गावात माणूस गेला की त्यानं आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे मोठ्यानं सांगायची रीत आहे. वडिलांच्या वेळी सांगायला कुणी उभं राहिलं नव्हतं. आता नव्या पिढीचे लोक म्हणताहेत की राहिलेला विधी करू, पण आरोपाबद्दल काय बोलायचं? आई नव्वदीला आली आहे. ती म्हणते, भारतातून पान आल्याशिवाय विधी करायचा नाही. का आलं नाही, हे मुलीनं विचारलं नाही. तीही त्यांचीच मुलगी.

मी डायरी शोधली. पलंगाच्या पेटीत, बायकोच्या शालींखाली ती मिळाली. आकडे सगळे होते. टेबलावर बसलो आणि हातानं सवयीनं ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ लिहून टाकलं. खाली ‘प्रत माहितीसाठी’ असंही लिहिलं आणि मग प्रत कुणाला द्यायची ते सुचेना. कंपनी नाही, साहेब नाहीत, घरात विचारायला बायकोही नाही. तो कागद फाडला. दुसरा घेतला आणि सरळ लिहिलं की मी हा नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, लाइन दलदलीमुळे वाकली आहे, ती वाकली तेव्हा हे गृहस्थ मंत्री नव्हते, आणि ते खरं बोलत होते. सही केली. अठरा मिनिटं लागली.

फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, आईला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला फोन आला, तिकडे सकाळचे नऊ वाजले होते. बाहेर लूचा गरम वारा सुटला होता, मी खिडक्या लावून बसलो होतो. मी एक एक वाक्य वाचत होतो आणि मुलगी ते आपल्या भाषेत आईला सांगत होती. शेवटचं वाक्यही तिनं सांगितलं. मग म्हातारी काही बोलली. म्हातारीनं तेच पुन्हा म्हटलं.

“आई विचारते आहे,” मुलगी म्हणाली, “की तुम्हाला किती वर्षं आत ठेवलं?”

“आत? कुठे?”

“तुरुंगात. बाबा नेहमी सांगायचे, इंजिनिअर शब्दाचा पक्का आहे. पान आलं नाही, म्हणजे त्याच्या सरकारनं त्याला पकडलं असणार. माझ्यासाठी लिहायला बसला आणि बिचारा अडकला. मरेपर्यंत त्यांना त्याचंच वाईट वाटत होतं. दर रविवारी ते तुमच्या सुटकेसाठी प्रार्थना करायला लावायचे. आई अजूनही करते.”

मी पान खाली ठेवलं. खोटं बोलणं त्या क्षणी फार सोपं होतं. दोन वर्षं, असं म्हटलं असतं तरी त्या माउलीला बरं वाटलं असतं.

“एक दिवससुद्धा नाही,” मी म्हणालो. “मला कुणी पकडलं नाही. कुणी अडवलंही नाही. त्या वर्षी मला बढती मिळाली.”

मग मुलीनं हळूच विचारलं, “हे मी आईला सांगू का?”

“सांगा,” मी म्हणालो.